मणी कुठे गेले?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मामींनी एक एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि घाबरून मला हाक मारली, "बेटा, इकडे ये. मामूंच्या पायातले मणी कुठे गेले?"

मी तीनही एक्स-रे शेजारी शेजारी धरून पाहिले. ऑपरेशननंतर लगेच काढलेल्या पहिल्या फोटोत नडगीच्या हाडात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे स्पष्ट दिसत होते. सहा आठवड्यांनंतरच्या फोटोत ते फिकट झाले होते. तीन महिन्यांच्या फोटोत एकही दाणा नव्हता. मामींना वाटले, ड्रेसिंग करताना कुणी काढून घेतले, नाहीतर जखमेतून गळून पडले. पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी नाहीशी झाली, तर कुणाचाही जीव धसकेलच.

डॉक्टरसाहेब हसले. म्हणाले, "भाभी, ते जाण्यासाठीच ठेवले होते. राहिले असते तर मला काळजी वाटली असती."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी हे मलाही नवीन होते. घरी आल्यावर मी जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले आणि मामूंच्या तीन वर्षांत जे पाहिले, ते या महिन्याच्या सदरात सांगते. मामूंची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिही. माझ्यासारखा आणखी कुणी पाय लपवून बसला असेल, तर त्याला कळू दे."

नासूर

मामू टेम्पो चालवायचे. मोटारसायकलवरून घरी येताना अपघात झाला आणि नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले. रात्रीच ऑपरेशन झाले, हाडात रॉड बसवला. टाके सुकले, मामू काठीने चालू लागले, घरात नियाज झाली. आम्हाला वाटले, तकलीफ संपली.

सात-आठ महिन्यांनी नडगीवर हरभऱ्याएवढी पुळी आली, फुटली आणि तिच्यातून पू येऊ लागला. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. भोक बंद झाले. दोन महिन्यांनी पुन्हा उघडले. पुन्हा गोळ्या, पुन्हा बंद. पुढे मामू डॉक्टरांकडेही जाईनात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच पाकीट आणायचे, आणि पू थांबला की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून द्यायचे. मध्ये कुणीतरी मलम दिले, कुणी पाला बांधायला सांगितला.

अशा जखमेला आपल्याकडे नासूर म्हणतात. वरून सुईच्या टोकाएवढे भोक दिसते, पण त्याची वाट आत हाडापर्यंत गेलेली असते.

मामू पायजम्याखाली पट्टी बांधून कपडे घालायचे. मशिदीत मागच्या सफेत, अगदी कोपऱ्यात उभे राहायचे, की शेजाऱ्याला वास येऊ नये. लग्नकार्याला जाणे बंद केले. मामींनी दोन बांगड्या मोडल्या. अडीच वर्षे अशी गेली. आणि एवढ्या काळात त्यांच्या पोटात अँटिबायोटिक किती गेले, याचा हिशोब कुणाकडेच नव्हता.

गोळी तिथे पोहोचतच नाही

शेवटी ज्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, "गोळी गिळल्यावर ती पायापर्यंत कशी जाते?"

मामू म्हणाले, "रक्तातून."

"आणि जिथे रक्तच जात नाही, तिथे?"

इथेच सगळे कोडे आहे. हाड दगडासारखे दिसले, तरी ते जिवंत असते, त्याच्यात रक्त वाहते. जंतूंमुळे आत पू साठला की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. मेलेल्या तुकड्याला रक्त नाही, म्हणून औषध नाही, आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत. जंतूंना यापेक्षा सुरक्षित घर कुठले मिळणार? आजूबाजूचे शरीर त्या मेलेल्या तुकड्याभोवती नवे हाड बांधते, आणि चोर आतल्या खोलीत कोंडून राहतो.

दुसरी अडचण रॉडची. पाण्याची टाकी बरेच दिवस घासली नाही, तर आतून हाताला बुळबुळीत थर लागतो. तसाच थर जंतू धातूवर आणि मेलेल्या हाडावर तयार करतात आणि त्याच्या आड दडून बसतात. थरातल्या जंतूंना मारायला जेवढे औषध लागते, तेवढे रक्तातून द्यायचे म्हटले, तर आधी मूत्रपिंड आणि कान खराब होतील. जेंटामायसिन या औषधाचा हा धोका तर प्रसिद्धच आहे.

म्हणजे गोळी वाईट नव्हती. तिला आत जायला वाटच नव्हती. गोळीने भोवतालचे जंतू मरायचे, पू थांबायचा, मामूंना वाटायचे बरे झाले. आतले जंतू मात्र शिल्लक राहायचे, आणि जे त्या औषधाला पुरून उरले तेच वाढायचे.

सिमेंटचे मणी

मग उपाय काय? हाड उघडायचे, मेलेला भाग काढून टाकायचा, आणि जो खड्डा राहील त्यात औषधच नेऊन ठेवायचे. खड्डा मोकळा ठेवला, तर त्यात रक्त आणि पाणी साचते आणि जंतूंना पुन्हा घर मिळते.

१९७० मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्स आणि एंगेलब्रेख्ट या डॉक्टरांनी सांधा बदलताना वापरायच्या हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळल्याचे प्रसिद्ध केले. सिमेंट म्हटले तरी हे घर बांधायचे सिमेंट नव्हे. कवळीचा गुलाबी भाग ज्या ॲक्रिलिकचा असतो, त्याच जातीचा हा पदार्थ. पुढे फ्रँकफर्टच्या क्लाउस क्लेम यांनी त्याचे छोटे मणी करून तारेत ओवले आणि ती माळ, तसबीहच्या माळेसारखी, हाडाच्या खड्ड्यात ठेवली. आपल्याकडे आजही अनेक रुग्णालयांत सर्जन ऑपरेशनच्या टेबलावर हाताने असे मणी वळतात. त्यांनी कितीतरी पाय वाचवले आहेत.

पण त्यांच्यात दोन उणिवा आहेत. सिमेंटच्या वरच्या थरातले औषध सुटते, आतले बरेचसे आतच अडकून राहते. काही आठवड्यांनी मणी रिकाम्या दगडासारखे होतात, आणि ते तसेच राहू दिले तर जंतूंना बसायला नवी जागा मिळते. म्हणून ते काढायला दुसरे ऑपरेशन करावे लागते. पुन्हा भूल, पुन्हा खर्च, पुन्हा रोजगार बुडणार. गरीब माणूस पहिल्या ऑपरेशननंतर बरे वाटले की दुसऱ्याला येतच नाही.

खडूच्या जातीची भुकटी

मामूंच्या पायातले मणी वेगळे होते. ते कॅल्शियम सल्फेटचे होते. हे नाव अवघड वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. जिप्सम तापवले की प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते, त्यात पाणी घातले की ते पुन्हा घट्ट होते. हे आपली मुले शाळेत शिकतात. मोडलेल्या हातावरचे प्लास्टर त्याचेच. फळ्यावर लिहायचा खडूही बहुतेक वेळा त्याचाच. वीस वर्षे माझ्या बोटांना जी पांढरी भुकटी लागते आहे, तिच्याच जातीची, पण शुद्ध आणि निर्जंतुक केलेली भुकटी मामूंच्या हाडात होती.

कल्पनाही जुनी आहे. १८९२ मध्ये जर्मनीतील बॉन शहरात ड्रेसमान नावाच्या डॉक्टरांनी क्षयाने पोखरलेल्या हाडातली पोकळी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरली होती, आणि त्यात जंतू मारण्यासाठी कार्बोलिक ॲसिड मिसळले होते. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये. म्हणजे अँटिबायोटिक हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हाही औषध हाडात ठेवायचा विचार एका माणसाने करून पाहिला होता.

आज ऑपरेशनच्या वेळी भुकटीत व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन मिसळतात, द्रव घालून कालवतात आणि साच्याच्या पट्टीवर पसरतात. काही मिनिटांत छोटे मणी तयार होतात. घट्ट होताना हे मिश्रण सिमेंटएवढे तापत नाही, त्यामुळे उष्णतेने बिघडणारी काही औषधेही त्यात घालता येतात. मणी खड्ड्यात ठेवले की भोवतालच्या पाण्यात हळूहळू विरघळतात आणि औषध सोडत जातात. खड्ड्यात औषधाचे प्रमाण रक्तातून देता येईल त्याच्या कितीतरी पट असते, आणि रक्तात मात्र ते थोडेच उतरते. विरघळलेले कॅल्शियम आणि सल्फेट शरीर सामावून घेते. साधारण एक ते तीन महिन्यांत मणी संपतात. काढायला काही उरतच नाही.

त्यातही एक उणीव आहे. नुसते कॅल्शियम सल्फेट हाड भरून येण्याआधीच विरघळून जाते. म्हणून काही मिश्रणांत हायड्रॉक्सिॲपटाइट घालतात. आपल्या हाडाचा आणि दातांचा मुख्य खनिज भाग याच जातीचा. सल्फेट औषध सोडून निघून जाते, आणि मागे राहिलेल्या या जाळीच्या आधाराने नवे हाड चढते. स्वीडनमध्ये तयार झालेल्या अशा एका मिश्रणात ६० टक्के सल्फेट, ४० टक्के हायड्रॉक्सिॲपटाइट आणि जेंटामायसिन असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०२२ मध्ये मंजुरी दिली.

याच मिश्रणाचा अनुभव ऑक्सफर्डच्या मार्टिन मॅकनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. हाडाचा जुनाट जंतुसंसर्ग असलेल्या १०० रुग्णांवर त्यांनी एकाच टप्प्यात ऑपरेशन केले. ९६ जणांचा संसर्ग गेला. आकडा मोठा आहे, पण तो नीट वाचावा. हे काम या आजाराचा दीर्घ अनुभव असलेल्या पथकाने केले होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय चार जणांचा आजार परत आलाच.

विरघळणाऱ्या वस्तू आणखीही आहेत. ऑपरेशनचे आपोआप जिरणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्या जातीच्या पॉलिलॅक्टाइडमध्ये जेंटामायसिन मिसळून त्याचा पातळ थर दिलेला रॉड युरोपात वापरला गेला आहे, म्हणजे जंतूंना धातूवर बसताच येऊ नये. फिनलंडमध्ये तयार झालेली एक खास काच तर अँटिबायोटिक नसतानाही जंतू मारते. ती भोवतालचे पाणी क्षारयुक्त करते, आणि त्यात जंतू टिकत नाहीत.

एक प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो, तो मामींनीही विचारला. यात कुठल्या जनावराचे काही असते का? कॅल्शियम सल्फेट आणि कारखान्यात बनवलेले हायड्रॉक्सिॲपटाइट ही खनिजे आहेत. मात्र औषध भरलेला कोलॅजनचा स्पंजही मिळतो, आणि कोलॅजन प्राण्यांपासून येते. मनात शंका असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, पाकिटावर लिहिलेले असते. ऑपरेशन टेबलावर पोहोचल्यावर घरात वाद नको.

मणी म्हणजे जादू नव्हे

डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते, "मणी शेवटी येतात. आधी सफाई."

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी त्यांनी मामूंच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. आम्ही घाबरलो. पण गोळ्या चालू असल्या, तर तपासणीत जंतू सापडत नाहीत. ऑपरेशनमध्ये रॉड काढला आणि हाडाच्या पाच ठिकाणचे तुकडे तपासायला पाठवले. भोकातून वर येणारा पू तपासून खरा गुन्हेगार कळेलच असे नाही, कारण तिथे कातडीवरचे जंतूही असतात.

मग मेलेले हाड खरवडून काढले. किती काढायचे? जिवंत हाडातून रक्ताचे बारीक लाल ठिपके दिसू लागेपर्यंत. इंग्रजी पुस्तकांत या खुणेला पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीचे नाव आहे. मामींना हे ऐकून त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले. मेलेला तुकडा आत ठेवून वर कितीही महाग मणी घातले, तरी काही उपयोग नाही. हाड पक्के राहावे म्हणून बाहेरून रिंग बसवली. सायबेरियातील कुर्गान गावच्या इलिझारोव्ह या डॉक्टरांनी ती पद्धत काढली.

तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला. हाडाच्या संसर्गात हा जंतू सर्वांत जास्त आढळतो. मामू जे पाकीट अडीच वर्षे आणत होते, ते औषध त्याच्यावर लागूच पडत नव्हते.

मणी घातले तरी पोटातून औषध घ्यावे लागलेच, सहा आठवडे. मामूंना वाटायचे, सलाइन लावले म्हणजेच खरा इलाज. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या २६ केंद्रांत १०५४ रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून औषध घेतलेल्यांपैकी १४.६ टक्के आणि तोंडाने घेतलेल्यांपैकी १३.२ टक्के रुग्णांत उपचार फसला. म्हणजे योग्य गोळी योग्य रुग्णाला दिली, तर ती शिरेतल्या औषधापेक्षा कमी पडत नाही. मात्र ती निवडायची डॉक्टरांनी, आणि पूर्ण दिवस घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात मामूंच्या जखमेतून पांढरट पाणी झिरपू लागले. घरात रडारड झाली, की नासूर परत आला. हे कॅल्शियम सल्फेट विरघळण्याचे पाणी असू शकते, काही रुग्णांत ते येते आणि आपोआप थांबते. पण हे घरी बसून ठरवायचे नसते. आम्ही त्याच दिवशी दाखवले. ताप असेल, जखमेभोवती लाली आणि उष्णता वाढली असेल, वास येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. फार मणी घातले तर क्वचित रक्तातले कॅल्शियम वाढते, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत औषध जपून निवडावे लागते. म्हणून आपले सगळे जुने आजार आधीच सांगा.

आपल्या घरात लक्षात ठेवा

लहान मुलाला ताप आला आणि ते एक पाय टेकायला किंवा एक हात हलवायला तयार नसेल, तर "पडला असेल" म्हणून तेल चोळत बसू नका. मुलांत रक्तातून जंतू हाडात जातात, आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो. वेळेवर औषध मिळाले तर अनेक मुले ऑपरेशनशिवाय बरी होतात.

घरात शुगरचा रुग्ण असेल, तर रोज तळवे पाहा. अम्मी-अब्बांना स्वतःला वाकून दिसत नाही, मुलांनी पाहावे. तळव्यावरची न भरणारी जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते.

हाडातला पू एकाच जातीचा नसतो. आपल्या देशात हाडाचा क्षयही आहे. त्याची औषधे वेगळी असतात, महिनोन् महिने घ्यावी लागतात आणि सरकारी केंद्रात मोफत मिळतात. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय अंदाजाने इलाज नको.

ज्या पाकिटावर लाल रेघ आहे, ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नका. ती मदत नव्हे.

आणि ऑपरेशन ठरले तर हे विचारा. रॉड किंवा प्लेट काढणार की ठेवणार? तुकडे तपासायला पाठवणार ना? खड्डा कशाने भरणार, ते विरघळणारे आहे की काढायला पुन्हा यावे लागेल? सरकारी योजनेत ऑपरेशन बसते का, आणि मणी बसतात का? विरघळणारे मणी महाग आहेत. ते परवडले नाहीत, तर सिमेंटचे मणी आणि चांगली सफाई यांनीही रुग्ण बरे होतात. फक्त ते काढायची तारीख चुकवू नका.

मामूंची रिंग निघून आता चार महिने झाले. पाय थोडा आखूड राहिला आहे, चपलेला टाच लावली आहे. टेम्पो चालवत नाहीत, किराणा दुकानात हिशोब पाहतात. डॉक्टर अजून दर तीन महिन्यांनी बोलावतात, कारण हा आजार वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो. मामू एकही तारीख चुकवत नाहीत. गेल्या ईदला ते दुसऱ्या सफेत, माझ्या भावाच्या शेजारी उभे होते.

मामींनी तिन्ही एक्स-रे कपाटात जपून ठेवले आहेत. कुणी पाहुणे आले आणि नासुराचा विषय निघाला, की त्या ते खिडकीला लावतात आणि विचारतात, "सांगा बघू, मणी कुठे गेले?"

तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणी पायजम्याखाली किंवा ओढणीआड अशी जखम झाकून बसले असेल, तर हे पान त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.

खुदा हाफिज.